जुनाच डाव

मला पसारा खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. आमच्या घरी चहा पिता पिता कप खाली ठेवायची सोय नाही. ठेवला की मी तो विसळून पालथा घातलाच म्हणून समजा. नवरा म्हणतो, "मी जरा डोळे मिटून पडलो तर मलाही घडी घालून कपाटात ठेवशील." म्हणू दे. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईनं आवराआवर करायची नाही तर कुणी करायची?

तर आमच्या शाळेतली लहान मुलांची बुद्धिबळ स्पर्धा दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. मला त्यातलं फार कळत नाही. घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो, इथवर माझी मजल. पण स्पर्धा चालवायला बुद्धिबळ यावं लागत नाही, दम देता यावा लागतो. नाकं पुसायची, एकच बूट हरवलेल्याचा दुसरा बूट शोधायचा, हरलेल्याला पाणी पाजायचं, जिंकलेल्याला टेबलावर उड्या मारू द्यायच्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका पटावरचा काळा वजीर गेल्या वर्षीच गायब झाला होता, त्याच्या जागी डिंकाच्या बाटलीचं निळं झाकण उभं केलं होतं. पोरांचं काही अडत नव्हतं. झाकणानं शह दिला म्हणून कुणी रडलं नाही.

मुलांपेक्षा त्रास आईबापांचा. खोकून खोकून चाली सांगतात मेले! म्हणून मी सगळ्यांना काचेच्या दाराबाहेर काढते आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन टोपलीत जमा करते. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, सख्ख्या भावाचंही नाही.

सख्खा भाऊ म्हणायचं कारण, त्या दिवशी दादासुद्धा काचेला नाक लावून उभा होता. त्याचा मुलगा, माझा भाचा, शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर खेळत होता. त्याला आम्ही भुंगा म्हणतो. विचार करायला लागला की तोंडातल्या तोंडात गुणगुणतो, आपण गुणगुणतोय हे त्याला कळतच नाही. वय वर्षं आठ. या गटातलं हे त्याचं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी मोठ्यांच्यात जाणार आणि मार खाणार हे त्यालाही माहीत होतं. जो जिंकेल त्याला मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते, हॉटेलात राहायचं होतं, आणि त्या हॉटेलात म्हणे काचेची लिफ्ट होती. झालं! महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नाही. चषक राहिला बाजूला, पोराला त्या लिफ्टमध्ये बसायचं होतं. झोपेत बटणं दाबायचा, असं वहिनी सांगत होती.

समोर होती एक सात वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले, म्हणून मी मनातल्या मनात तिला बोळकी म्हणायचे. तिचे वडील बसड्रायव्हर, ड्यूटीच्या कपड्यांतच आले होते. खुर्चीवर पाय खाली पुरेनात म्हणून ती गुडघ्यांवर बसून खेळत होती. दोघांचे गुण सारखे होते. म्हणजे हा डाव जिंकेल तो लिफ्टमध्ये.

एकदा मी त्यांच्या पटाजवळून गेले. भुंग्याचे कान लालभडक झालेले, गुणगुणणं बंद. काही कळत नसलं तरी एवढं मला कळतं. पोरगं हरत आलं होतं. भाचा असला तरी मी स्पर्धेची बाई, तोंड फिरवून पुढं गेले.

आता नीट ऐका. आमच्याकडे डाव संपला की पंच येऊन घड्याळ उचलून नेतात. पंच म्हणजे आमचे चष्मेवाले काका, चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. आणि मुलांनी सोंगट्या परत लावून मगच उठायचं, असा नियम आहे. पाळतंय कोण? जिंकलेला बाहेर पळतो, हरलेला त्याच्याही आधी पळतो. शेवटची फेरी संपत आली होती, दोनतीन पटांवरच डोकी खाली घातलेली दिसत होती, बाकी टेबलांवर नुसता धुमाकूळ. माझे हात शिवशिवायला लागले. मी मागच्या रांगेपासून सुरुवात केली. प्यादी पुढं, हत्ती कोपऱ्यात, डिंकाचं झाकण राजाशेजारी. एक पट, दुसरा पट, मान खाली, तोंडानं पोरांच्या नावानं शिमगा चालू. असं करत करत एका टेबलाशी आले. खुर्च्या रिकाम्या, घड्याळ नाही, सोंगट्या अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. "घ्या! हेही तसंच टाकून गेले," असं म्हणत मी तोही पट चकचकीत लावून टाकला. दोन्ही बाजूंच्या रांगा अगदी सरळ.

हात झटकून वर बघते तर बोळकी समोर उभी. हात ओले, फ्रॉकला पुसत होती. बाथरूमला जाऊन आली होती. तिनं पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "आमचा डाव कुठं गेला?"

पहिला पट होता तो! घड्याळाची बॅटरी संपली म्हणून भुंगा ते उचलून हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला चष्मेवाल्या काकांकडे घेऊन गेला होता. संपलं काहीच नव्हतं. तोही नवं घड्याळ पोटाशी धरून परत आला आणि खांबासारखा उभा राहिला.

पुढं काय झालं ते तुम्ही ताडलंच असेल. दार उघडलं गेलं, आईबाप आत घुसले, मी कुणाला अडवू शकले नाही. अडवायला तोंड कुठं होतं? एवढी लहान मुलं चाली लिहून ठेवत नाहीत. फोटो म्हणावा तर सगळे फोन टोपलीत, माझ्याच कडक कारभारामुळे. डाव कुठंच शिल्लक नव्हता.

ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढला नाही त्यांचा, पण प्रत्येक शब्द लागला. "बाई, माझी मुलगी जिंकत होती. एवढ्या पटांतून तुमच्या भाच्याचाच पट बरा तुमच्या हाताला लागला!"

"अहो, मला दिसलंच नाही..."

"नियम काय म्हणतो?" दादा मध्येच घुसला. "मांडणी परत लावता येत नसेल तर नवा डाव. हो ना काका?"

चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नियम तसाच आहे," ते नाइलाजानं म्हणाले.

"मग झालं तर. नवा डाव लावा."

"दादा, तू गप्प बस!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा खरवडला. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवा डाव झाला आणि भुंगा जिंकला, तर जन्मभर लोक म्हणणार, आत्यानं डाव मोडला आणि भाच्याला लिफ्टमध्ये बसवलं. आणि त्या पोरीचं काय? तिनं रीतसर कमावलेला डाव मी केराच्या टोपलीत टाकल्यासारखा टाकला होता. तो परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. कुणाच्याच हातात नव्हतं, असं आम्हा सगळ्या शहाण्यांना वाटत होतं.

आमची अशी जुंपलेली असताना मला टकटक ऐकू आलं. टक. टक. टकटक. वळून बघते तर दोघं आपापल्या खुर्चीवर बसून धडाधड चाली करत होती.

"अरे, अरे! थांबा," काका धावले. "नवा डाव सुरू करायला कुणी सांगितलं?"

बोळकीनं मान वर केली नाही. "नवा नाही काका. जुनाच आहे."

"म्हणजे?"

"मगाशी खेळलो तोच परत खेळतोय," भुंगा म्हणाला. "आत्यानं सुरुवातीपासून लावूनच ठेवलाय ना."

काका त्या टेबलाशी गुडघ्यांवर बसले. मग ड्रायव्हर बसले, मग दादा. एवढी मोठी माणसं गुडघे जमिनीला टेकवून त्या दोन चिमुरड्यांचे हात बघत राहिली. पांढरं, काळं, पांढरं, काळं. एकदाही कुणाचा हात अडखळला नाही. आणि मध्ये मध्ये काय बोलत होती ती!

"आधी तू प्यादं सरकवलंस."

"नाही, आधी किल्लेकोट. राजा आणि हत्ती. मग प्यादं."

"हां, हां. तेव्हा तो मागचा मुलगा शिंकला."

"दोनदा शिंकला. दुसऱ्यांदा मी तुझा उंट खाल्ला."

"आणि इथं तू खूप वेळ नाक खाजवलंस."

मला माझा सकाळी ठेवलेला चष्मा दुपारी सापडत नाही. आणि या पोरांच्या इवल्याशा डोक्यांत प्रत्येक चाल, प्रत्येक शिंक जिथल्या तिथं होती! माझ्यासारखी शंभर माणसं आवरायला बसली असती तरी एवढं नीटनेटकं लागलं नसतं. मी आयुष्यभर पुस्तकं लावत आले, पण आठवण म्हणजे काय चीज असते ते मला त्या टेबलाशी कळलं.

आणि मग टकटक थांबली.

बोळकीनं बोट दातांच्या फटीत घातलं. पटाकडे बघितलं, छताकडे बघितलं. "मला हे नाही आठवत," ती म्हणाली. "इथं काय झालं? तुझी चाल होती."

भुंग्याचा हात घोड्यावर होता. घोडा हवेत उचललेला.

मला खेळ कळत नाही, पण दादाला कळतो, त्यानंच पोराला शिकवलंय. मी दादाचा चेहरा बघितला. त्याचे ओठ हलले. काकांनी एकदम बोट वर केलं, खबरदार! पण काकांचीही नजर त्या घोड्यावरून हलेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चूक झाली ती इथंच. याच चालीनंतर पोराचे कान लाल झाले असणार. आता तिला आठवत नाही. आम्हाला कुणालाच माहीत नाही. साऱ्या जगात ही एक गोष्ट फक्त या आठ वर्षांच्या पोराला ठाऊक आहे. घोडा दुसरीकडे ठेव, कुठंही ठेव, डाव वाचतो. लिफ्ट मिळते.

माझा जीव नुसता टांगणीला लागला. भुंग्या, भुंग्या, असं मनात म्हणत होते, पण पुढं काय म्हणावं ते सुचत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मनाचा एक कोपरा म्हणत होता, ठेव रे बाळा दुसरीकडे.

तो गुणगुणायला लागला. बारीक, एका सुरात. मग त्यानं घोडा नेऊन पटाच्या अगदी कडेला ठेवला.

"इथं. आणि मग तुझ्या उंटानं खाल्ला."

"हां! खाल्ला, खाल्ला!" बोळकीनं टाळी वाजवली आणि घोडा उचलला.

"एवढं कसं विसरलीस गं?" भुंगा चक्क वैतागला होता. "माझी सगळ्यात मोठी चूक होती ती!"

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते; मघाशी चढलेला तो कठोरपणा त्यांच्या तोंडावरून पार उतरला होता.

पुढच्या चाली झरझर झाल्या. "बास. इथंच होतो आपण," दोघं एकदमच म्हणाली. काकांनी नवं घड्याळ ठेवलं आणि विचारलं, "कुणाची चाल?"

"माझी," भुंगा म्हणाला आणि डोकं धरून बसला. खूप विचार केला त्यानं. हार मानणाऱ्यातला नाही तो, शेवटच्या प्याद्यापर्यंत लढला. पण एका घोड्याची कमतरता कुठवर भरून निघणार? बोळकीनं हत्ती सरकवला, फटीतून हवा फुंकत "मात" म्हणाली आणि लगेच घाबरून त्याच्याकडे बघायला लागली.

त्यानं हात पुढं केला. डोळे काठोकाठ भरले होते. "लिफ्टमध्ये काचेकडे तोंड करून उभी राहा," तो म्हणाला, "म्हणजे खाली सगळं दिसतं. आणि सगळ्यात वरचं बटण दाब."

"दोनदा दाबीन," ती म्हणाली.

दादा त्याच्याजवळ बसला. पाठीवरून हात फिरवत त्यानं हळूच विचारलं, "राजा, तो घोडा... तिला तर आठवत नव्हतं."

भुंग्यानं बापाकडे असं बघितलं, जसं काही दादाला साधं मोजता येत नाही. "पण मला आठवत होतं ना," तो म्हणाला. "आणि तिथंच ठेवला होता मी तो."

संपला विषय. त्याच्या लेखी एवढंच होतं ते. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो, आणि हा पठ्ठ्या फक्त झालेला डाव नीट आठवत होता. मी त्याला पोटाशी धरायला गेले, तर म्हणे, "थांब, सोंगट्या लावायच्या राहिल्यात. तूच ओरडतेस."

दोघांनी मिळून सोंगट्या लावायला घेतल्या. पण बाहेरून तिच्या वडिलांनी हाक मारली, इकडे दादानं आइसक्रीमचं नाव काढलं, आणि दोघं अर्ध्यात टाकून पळाली. दारातून भुंगा ओरडला, "आत्या, आता खरंच संपला! आता आवर!"

मी टेबलाशी गेले. कडेला तो खाल्लेला घोडा आडवा पडला होता. पसारा समोर होता, हॉल रिकामा होता, आणि खरं सांगते, माझा हातच होईना.