चांदबीची नगरी इंग्रजी

इंग्रजी ही एकच भाषा आहे असं ज्याला वाटतं, तो चव्वेचाळीस साली नगरजवळ भिंगारला नव्हता. मी होतो. फौजेच्या तळाच्या फाटकावर पास तपासायची नोकरी, अंगात खाकी, हातात दंडुका. भिमाजी खोटं बोलत नाही हे साऱ्या भिंगारला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही ते बाहेरून आलेले.

लढाईपायी तळावर दुनियेतले शिपाई गोळा झाले होते. स्कॉटलंडवाले बोलू लागले की खडीवरून बैलगाडी चालल्यागत ‘र’ वाजायचा. ऑस्ट्रेलियावाले ओठ न उघडताच बोलायचे. तिकडंही आपल्यासारख्याच माश्या असाव्यात. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचे शिपाई एकेक शब्द ढोलकीवर थाप मारावी तसा ठाशीव सोडायचे. सगळ्यांची इंग्रजीच, पण एकाचं दुसऱ्याला कळेल तर शपथ!

सगळ्यांचं कळायचं ते एका बाईला. चांदबी अंडीवाली. नवरा वारलेला, घरी दोन मुली आणि चाळीस कोंबड्या. तळात शिरायचा पास गेला तर चूल विझली. शाळेची पायरी चढली नव्हती, पण ज्याला अंडी द्यायची त्याच्याशी त्याच्याच इंग्रजीत बोलायची. एकदा तंबूमागून नुसती शिंक ऐकून म्हणाली, “भिमाजीभाऊ, ग्लासगोचा हाय, पर आई आयर्लंडची.” चौकशी केली. खरं निघालं.

मग नवा कॅप्टन आला. मोठ्या घरचा, शब्द नाकातून गाळून, पुसून मगच बाहेर ठेवायचा. फाटकात थांबून त्यानं टोपलीत काय आहे म्हणून विचारलं. चांदबीनं अदबीनं मान लववली आणि तसंच गाळून, पुसून उत्तर दिलं. डोळे मिटले असते तर दोन कॅप्टन! मागचे शिपाई फिस्सकन हसले. कॅप्टनचं तोंड लालबुंद झालं. त्यानं पास मागून घेतला आणि टराटरा फाडला.

तो गेल्यावर मी म्हटलं, “भाभी, साहेबाची नक्कल कशाला केली?”

“नक्कल? अल्ला कसम, म्या मान दिला! पाथर्डीची बाई आली तर तुमी तिच्याशी तिच्यावानी बोलता का न्हाई? गिऱ्हाइकाला आपल्या घरी बसल्यागत वाटावं, ही आपल्या बाजाराची रीत हाय.”

“गोऱ्यांत नसंल ती रीत.”

“मंग लई एकटे पडत असतील बिचारे,” ती म्हणाली आणि टोपली उचलून फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसली. तीन दिवस बसली. शिपायांना बाहेर सोडत नव्हते, अंडी तशीच.

चौथ्या दिवशी एक स्कॉटिश सार्जंट गोल्ड कोस्टच्या शिपायाला रणगाडा शिकवत होता. सार्जंट थांबायला सांगतोय, शिपायाला नुसती खडी ऐकू येतेय. रणगाडा वळला तो थेट फाटकाकडं! कॅप्टन धावत आला, नाकातून ओरडला. शिपायानं त्याला कडक सलाम ठोकला आणि वेग वाढवला. मी दंडुका आडवा धरून जागचा हललो नाही. उभा लिंबामागं होतो हे खरं, पण हललो नाही.

चांदबी टोपली घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि आईनं पोराला दटावावं तसे चार शब्द थेट गोल्ड कोस्टच्या ठेक्यात हाणले. इंजिनाचा गोंगाट मला सांगू नका. तो गळा भिंगारच्या बाजारात घडलेला. रणगाडा जागीच थांबला, टोपलीपासून वीतभर. एक अंडं फुटलं नाही. एकातून पिल्लू तेवढं बाहेर आलं.

कॅप्टन धापा टाकत समोर आला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. चांदबीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्यासारखं बोलावं तर पुन्हा आग. तिनं माझ्याकडं बघितलं.

“भाऊ, इचारा साहेबाला. कुनावानी बोलू?”

मी विचारलं. कॅप्टन जरा घुटमळला. “तिच्यासारखं,” म्हणाला.

तिच्यासारखं ती इंग्रजीत कधी बोललीच नव्हती. पदर सावरला आणि भाकरी मोडावी तसे सरळ तुकडे टाकत बोलली, “साहेब, पोराची चूक न्हाई, सार्जंटची बी न्हाई. त्याची एक इंग्रजी, त्याची एक, तुमची एक, ही माजी. मला आत येऊ द्या, मी हिकडची तिकडं पोचवीन.”

सार्जंटनं मान डोलावली. शिपायानं डोलावली. कॅप्टननंही. तिघांना एकच बोलणं एकदम समजलं, असं त्या तळावर पहिल्यांदाच घडत होतं.

रणगाड्याच्या पत्र्यावर कागद ठेवून कॅप्टननं तिथंच नवा पास लिहिला. ‘भाषा’ पुढं त्यानं लिहिलं: इंग्रजी, नगरची. चांदबीनं तेवढं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग पास चोळीत खोचला आणि साऱ्या फौजेसमोरून, ताठ मानेनं, अंडी घेऊन आत गेली.

तो पास दाखवा म्हणाल, तर पुढं तो तिच्या शेळीनं खाल्ला. त्यानंतर शेळी कशी ओरडायची, ते मी सांगत नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही.