अनुमोदन

रविवारी सकाळी नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या एका छोट्या स्वयंपाकघरात इटलीचा निकाल लागत होता, आणि निकाल देणाऱ्या मृदुलाला खरं तर फक्त झोप हवी होती. पुण्यात असताना तिने कॉलेजात इतिहास शिकवला होता. इथे ती एका लॉजिस्टिक्स कंपनीत कुठला कंटेनर कुठे अडकलाय ते शोधते. कंटेनर निदान उलट उत्तर तरी देत नाहीत. तिची पंधरा वर्षांची अश्लेषा देते, आणि तेही डच नाहीतर इंग्रजीत.

सोमवारी अश्लेषाला वर्गात प्रेझेंटेशन द्यायचं होतं : इटलीत फॅसिझम का फोफावला? लॅपटॉपवर कारणं ओळीने मांडलेली होती. महायुद्ध जिंकूनही पदरात काही पडलं नाही ही चडफड. परतलेल्या सैनिकांना काम नाही, महागाई, संप, कामगारांनी ताब्यात घेतलेले कारखाने. रशियासारखी क्रांती इथेही होणार या धास्तीने जमीनदारांनी काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांना हाताशी धरलं. ते कामगार संघटनांची ऑफिसं जाळत सुटले तेव्हा पोलिसांनी बऱ्याचदा काणाडोळा केला. जुन्या पुढाऱ्यांना वाटलं, यांना जरा जवळ केलं की आपोआप माणसाळतील.

"छान लिहिलंयस," मृदुला म्हणाली. "आणि राजाचं काय हे? फॅसिस्ट रोमवर चालून आले तेव्हा मंत्र्यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजाने सही केली नाही. का केली नाही, तिथे तू डचमध्ये 'मू' लिहिलंयस. थकलेला?"

"बट दे वर ऑल टायर्ड, आई. वॉर, स्ट्राइक्स, एव्हरीथिंग."

"खोड ते. थकवा हे कारण नसतं, सबब असते. राजा घाबरला असेल, त्याने स्वतःचा फायदा पाहिला असेल. ते लिही."

"यू आर ऑल्वेज टायर्ड."

"म्हणून मी काय देश विकायला काढलाय?"

अश्लेषाने खांदे उडवले आणि शब्द खोडला.

दुपारी बूर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिरात, मराठी मंडळाची वार्षिक सभा होती. या मंडळाची चिटणीस होऊन मृदुला पार पिचून गेली होती. आरत्या किती म्हणायच्या इथपासून मोदक तळलेले की उकडीचे इथपर्यंत भांडणं, आणि कामाच्या दिवशी मात्र सगळ्यांची पाठ धरलेली. अशात गुरुनाथ आले. त्यांनी हॉल सजवला, जेवण वेळेवर वाढलं, ढोल-ताशे आणले. बदल्यात एवढंच, की त्यांना कुणी प्रश्न विचारायचे नाहीत. गेल्या गणपतीत ग्रोनिंगनहून आलेल्या अभिराम नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या नाटुकल्यात त्यांची जरा टिंगल केली. गुरुनाथांच्या एकसारखी जॅकेटं घातलेल्या कार्यकर्त्यांनी त्याला दंडाला धरून स्टेजवरून खाली ओढलं. मृदुला मसालेभात वाढत होती. ती वाढतच राहिली. भात गार होत होता, हे काही खोटं नव्हतं.

आता गुरुनाथांचं म्हणणं होतं, कमिटीच नको. सगळं ते एकटेच बघतील, स्वतःहून सोडेपर्यंत. अभिरामच्या प्रकरणाने संतापलेली सुचित्रा त्यांच्याविरुद्ध उभी राहणार होती. सूचक म्हणून तिचा नवरा रमेश होता. अनुमोदक म्हणून मृदुलाने फोनवर शब्द दिला होता.

"तू फक्त हात वर कर गं," सुचित्रा म्हणाली होती. "बाकी बोलायचं ते मी बोलते."

अश्लेषा लॅपटॉप घेऊन मागच्या रांगेत बसली होती. सभेआधी गुरुनाथांनी स्वतः मृदुलाला चहा आणून दिला.

"वहिनी, आपली निवड आजवर कायम बिनविरोध झालीय. परक्या देशात येऊन मतदान करत बसायचं, शोभतं का आपल्याला? आणि तुम्ही किती वर्षं मरमर काम करायचं? पुढच्या गणपतीला नुसतं यायचं, जेवायचं, घरी जायचं."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. माणूस काही अगदीच वाईट नाही, तिला वाटलं. आपण आहोतच जवळपास, घेऊ सांभाळून.

रमेशने सुचित्राचं नाव सुचवलं. "अनुमोदन?" सभेच्या अध्यक्षांनी विचारलं.

सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. सुचित्राने मृदुलाकडे वळून निवांत हसून पाहिलं. मृदुलाचा हात मांडीवर होता. आता करते वर, ती मनात म्हणत होती. तेवढ्यात दुसऱ्या कुणी केला तर किती बरं! हॉलभर माणसं होती, कुणाचाही हात चालला असता.

"अनुमोदन नसल्याने हे नाव बाद," अध्यक्ष म्हणाले. "गुरुनाथ बिनविरोध."

टाळ्या वाजल्या. मांडीवरचा तो हात टाळ्यांना मात्र उचलला गेला, आणि मृदुलाला स्वतःची लाज वाटली. सुचित्रा कोट उचलून तिच्यासमोरून निघून गेली. तिने मृदुलाकडे पाहिलंही नाही.

गाडीत बसतात न बसतात तोच मोबाइल वाजला. गुरुनाथांनी सुचित्राला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं होतं. शेजारी बसलेल्या अश्लेषानेही ते वाचलं.

"आई, यू प्रॉमिस्ड सुचित्रामावशी. व्हाय डिडन्ट यू रेझ युअर हँड?"

मृदुलाला बरंच काही सांगता आलं असतं. मंडळातली एकी, गुरुनाथांचं काम, सुचित्राचा तापट स्वभाव. पण तेवढं बोलायचंही त्राण नव्हतं.

"थकले गं मी," ती म्हणाली.

अश्लेषाने मांडीवर लॅपटॉप उघडला. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मृदुलाने स्क्रीनकडे पाहिलं. सकाळी खोडायला लावलेला तो शब्द परत आला होता. राजाच्या ओळीत नव्हे, सगळ्यात वर, महायुद्धाच्या आणि संपांच्याही आधी, पहिलं कारण म्हणून.

मृदुलाने या वेळी तो खोडायला सांगितलं नाही.