नेट बंद आहे

सेंटरचं दार आतून लावून तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. तोच होता. शहरातल्या बाजारात लसणाचा भाव एका रात्रीत दीडपट झाला होता! कुणीही उडी मारावी अशी बातमी. पण तिला ती आनंदाची वाटली नाही. कारण आता भावजी येणार होते.

भावजी म्हणजे तिचे थोरले दीर, गावातले लसणाचे एकमेव व्यापारी. डोंगरांच्या बेचक्यातल्या त्या गावात मोबाइलला रेंज नव्हती. गावासाठी इंटरनेट सेंटर मंजूर झालं, तेव्हा भावजींनी गोदामाला लागून असलेली खोली फुकट दिली. छपरावर अँटेना बसला आणि खुर्चीवर धाकटी भावजय बसली. गाव तिला 'नेटवाली' म्हणू लागलं. बाजारभाव, हवामान, कर्जाच्या योजना, खरेदीदारांचे पत्ते, हे सगळं गावाला घरबसल्या मिळावं यासाठीच ते सेंटर होतं.

"फक्त एक कर," भावजी तेव्हा म्हणाले होते, "भाव आधी मला सांगत जा. घरच्या माणसाला घटकाभर आधी कळलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

त्या घटकेचा अर्धा दिवस कधी झाला आणि अर्ध्या दिवसाचा दिवस कधी, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

भावजी आले. त्यांनी आकडा पाहिला आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"आज नेट बंद."

"बंद कुठंय? चालू आहे की."

"बंद आहे म्हटलं ना! भाव कोसळणार असं मी गावात सांगून ठेवलंय. उद्या सकाळी माल गोदामात पडला की खुशाल चालू कर." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "खोली माझी. तुझा नवरा चालवतो तो टेम्पोही माझा. तू शहाणी आहेस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दिवसभर माणसं येत राहिली. लसणाला कोंब फुटायला लागले होते, त्यामुळे प्रत्येकाचा जीव टांगणीला. "भाव काय म्हणतोय गं?" "नेट बंद आहे." दर वेळी ती मान खाली घालून तेवढंच म्हणायची.

दुपारी शेजारची शिंपीण आली. दोघींची मैत्री जुनी. अर्धा एकर लसूण लावून दुसरं शिलाई मशीन घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"तुझे भावजी म्हणतात, उद्या सकाळी देऊन टाक, नंतर कुणी विचारणार नाही. तू एकदा बघून सांग ना."

"नेट बंद आहे गं."

"बरं." शिंपीण उठली. "तू म्हणतेस म्हणजे बंदच असणार. देऊन टाकते मग. हातचं सोडून पळत्याच्या मागे कुठं लागू?"

ती पायरी उतरून गेली. एक शब्दही तिने जास्त विचारला नाही. विचारला असता, भांडली असती, तरी चाललं असतं. पण तिने विश्वास ठेवला!

संध्याकाळी घरी नेटवालीच्या घशाखाली घास उतरेना. समोर सासरे बसले होते. जन्मभर पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. बोलणं मोजकं, कान तिखट.

"नेट बंद आहे म्हणे," ते म्हणाले. "मग छपरावरच्या अँटेनाचा दिवा कसा लुकलुकत होता?"

तिला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं. "मी काय करू बाबा? खोली त्यांची. ह्यांची नोकरी त्यांच्या हातात. उद्या चूल कशी पेटेल?"

सासरे गुडघा चोळू लागले. शेवटी तो त्यांचाच मुलगा होता.

"खोली त्याची आहे," ते म्हणाले, "पण बातमी त्याची नाही. माझ्या थैलीत लोकांची पत्रं असायची. थैली सरकारची, पाय माझे, पण पत्र ज्याच्या नावाचं त्याचंच. एकदा एक बडा माणूस म्हणाला, शेजाऱ्याचं पत्र दोन दिवस दाबून ठेव. मी नाही म्हटलं. त्याने माझी बदली पार डोंगरावर करवली. हे गुडघे तिथलेच. भीती वाटली नाही असं समजू नकोस, पोरी. भरपूर वाटली. पण ज्याच्या हक्काची बातमी आपण दाबतो, त्याच्या ताटातलाच घास आपण काढून घेतो. मग तो आपल्या घशाखाली कसा उतरेल?"

तिने आपल्या ताटाकडे पाहिलं.

सकाळी गोदामासमोर पोती रचली होती. काट्यावर पहिलं पोतं शिंपिणीचं चढलं. टेम्पोपाशी नेटवालीचा नवरा उभा होता. ती येऊन अंगणाच्या कडेला थबकली. परत फिरावं असं मनात आलं. तेवढ्यात भावजींनी पैसे द्यायला खिशात हात घातला.

"थांबा! कुणी माल देऊ नका!" आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "भाव पडला नाही, वाढलाय! दीडपट! काल नेट चालू होतं. मी खोटं बोलले!"

भावजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"घरभेदी! खोलीची किल्ली टाक इथे!"

तिने किल्ली काट्यावर ठेवली. शिंपिणीने आपलं पोतं खाली ओढलं. जाताना तिने मैत्रिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते न पाहणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

नवऱ्याने टेम्पोची चावी भावाच्या हातात दिली आणि तो तिच्यासोबत घराकडे चालू लागला. "मला आधी सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"तू अडवलं असतंस."

"अडवलंच असतं," तो म्हणाला.

पुढचे दिवस कठीण गेले. नवरा रोज वेगळ्या कामाच्या शोधात बाहेर पडायचा. वरच्या ऑफिसला कळवून तिने सेंटरसाठी गावात दुसरी जागा शोधायला घेतली. पण व्यापाऱ्याशी वैर नको, म्हणून लोक टाळाटाळ करत. शेवटी शिंपीणच दारात येऊन उभी राहिली.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. "पण माझी पुढची खोली अर्धी रिकामी आहे. एका अटीवर देते. सकाळी भाव मोठ्याने वाचायचा. मला एकटीला नाही, सगळ्यांना."

तेव्हापासून ती रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून भाव वाचते. भाव पडला तर लोक तिच्यावरच चिडतात, तरी वाचते. भावजी अजून तिच्याशी बोलत नाहीत. मात्र त्यांचा माणूस गर्दीत मागे उभा राहून ऐकतो आणि ते आता त्याच भावाने माल उचलतात. उद्या काय होईल ही धास्ती तिच्या मनातून गेलेली नाही. पण घास घशाखाली उतरतो.

गावात अँटेना लागला म्हणजे माहिती गावात पोचली, असं होत नाही. ती शेवटी कुणाच्या तरी तोंडून यावी लागते. तुमच्या-आमच्यापैकी प्रत्येकजण कुठे ना कुठे अशा खुर्चीवर बसलेला असतो. दुसऱ्याच्या हक्काची बातमी त्याच्या हातात असते. ती दाबून ठेवणं ही चोरीच आहे, मग ती घरच्यांसाठी केलेली का असेना!