सोमवारच्या आधीचं कीर्तन

सटवाजीबुवांचं हर्नियाचं ऑपरेशन लातूरला सोमवारी ठरलं होतं आणि अक्षराचं पहिलं कीर्तन लोह्याजवळच्या त्यांच्या मूळ गावी शनिवारी दुपारी. अक्षरा पुतण्याची मुलगी. सुट्टीत लातूरला आली की बुवा तिला चाली शिकवत. नवख्या कीर्तनकाराचा जीव मागं उभ्या असलेल्या गायकावर असतो. तो चाल उचलणार अशी खात्री असली, की पुढच्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. गावच्या हरिनाम सप्ताहात ती जागा वर्षानुवर्षं बुवांची.

"मी जाणार," बुवा म्हणाले.

"ऑपरेशन किरकोळ हाय म्हणून अंगात आलं का?" बायको केवळाबाई म्हणाल्या. "दयानंद, लाव डॉक्टरीणबाईला फोन."

मुलानं फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "प्रवासाला माझी हरकत नाही. पण ओझं उचलायचं नाही, सर्दी-खोकला लावून घ्यायचा नाही. गाठ दुखायला लागली, आडवं पडूनही आत जाईना, उलटी झाली, तर घर गाठायचं नाही. तडक नांदेडच्या दवाखान्यात."

"आन् गायचं?" बुवांनी विचारलं.

"कसं गाता तुम्ही?"

बुवांनी कानाला हात लावून एक सूर वर चढवला.

"हे असलं अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बुवा म्हणाले, "टाळ घरीच ठेवतो. नुसतं ऐकतो."

"टाळ घरी ठेवताल, गळा कुठं ठेवताल? मागल्या साली ताप असताना बी 'नुसतं ऐकतो' म्हणलात. पहिला अभंग संपायच्या आत टाळकऱ्यात!" केवळाबाई म्हणाल्या.

बुवांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "ह्या माळेची आण. लोकांत बसीन. सूर काढणार न्हाई. पण पोरीचं पहिलं कीर्तन चुकवणार न्हाई."

माळेला हात लावून बुवा खोटं बोलत नाहीत, हे केवळाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "मग ही मी धरणार."

"एकच कर," बुवा म्हणाले. "गावात आजाराचं नाव काढू नको. कुठं झालाय म्हणून इचारतेत. बायापोरींत काय सांगू?"

बसमध्ये त्यांना पुढची सीट मिळाली. गाडी जरा हलली की केवळाबाई विचारत, "दुखलं का?"

"अगं, खड्डा अजून यायचाय!"

मंडपात बुवा श्रोत्यांत जाऊन बसले आणि कुजबुज सुरू झाली. त्या गावात गायक खाली बसला की त्याचा एकच अर्थ असतो, बुवा रुसले! नारळ द्यायचा राहिला असेल, नाहीतर नाव पुकारलं नसेल. सप्ताहाचे कारभारी आप्पासाहेब नारळ-टॉवेल घेऊन धावत आले.

"बुवा, काय चुकलं आमचं?"

"काहीच न्हाई. आज नुसतं ऐकणार हाय."

"रुसल्यावर माणूस असंच म्हणतंय." आप्पासाहेबांनी टॉवेल खांद्यावर घातला. बुवा उठेनात, म्हणून त्यांनी दुसरा नारळ आणला.

नारदाच्या गादीवरून अक्षरा हे सगळं बघत होती. तिनं अभंग धरला. दुसऱ्या चरणाला चाल वर जायची, तिथं तिनं आधारासाठी मागं पाहिलं. मागची दोन पोरं चाचपडली. तिनं खाली बसलेल्या बुवांकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. आजोबांना आपलं गाणं पटलं नाही, म्हणून ते उभे राहिले नाहीत, असंच तिला वाटलं. ती पुढचा चरण धरेना. मृदंग तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

बुवांच्या ओठांपर्यंत सूर आला होता. केवळाबाईंनी त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला.

"सोड. गात न्हाई," बुवा पुटपुटले आणि पोटाला हात लावून उभे राहिले. लोकांना वाटलं, रुसवा गेला. टाळ्या पडल्या. बुवांनी दोन्ही हात वर केले.

"माउली हो, जरा थांबा. मी रुसलो न्हाई. मला हर्निया झालाय. सोमवारी लातूरला ऑपरेशन हाय, डॉक्टरीणबाईनं गायची बंदी केलीय. अक्षरा, पोरी, तुझं काही चुकलं न्हाई. तुला ऐकायलाच लातूरहून आलो."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "कुठं झालाय, बुवा?"

"जिथं व्हतो तिथंच!"

मंडप हसला. बायकांची बाजू पदरात तोंड लपवून हसली. अक्षरानं उपरण्यानं डोळे पुसले. तीही हसत होती.

"आजोबा, बसा खाली. बसूनच राहा," ती म्हणाली. मग मंडपाकडे वळली. "मायबाप हो, आज बुवांच्या वाटणीचं तुम्हाला गायचंय."

तिनं चरण पुन्हा धरला. बायकांनी उचलला, मग साऱ्या मंडपानं. चाल बुवांनी शिकवलेली नव्हती. बरीच खालून, सरळ, बसल्या माणसाला पेलेल अशी. 'इथं वळण पाहिजे होतं' असं बुवांच्या मनात आलं. पुढच्या चरणाला तेही राहिलं नाही. ते मांडीवर बोटानं ताल धरून ऐकत राहिले.

कीर्तन संपलं. कीर्तन करणारा वयानं केवढाही असो, थोरली माणसंही त्याच्या पाया पडतात. रांगेत बुवा दिसताच अक्षरा पुढं झाली.

"आजोबा, तुम्ही वाकू नका."

"गायची बंदी हाय. पाया पडायची न्हाई," बुवा म्हणाले. केवळाबाईंचा हात धरून ते हळूहळू खाली बसले आणि तिच्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकवलं.

"टेकलात खरं," केवळाबाई म्हणाल्या, "आता उठताल कसं?"

एका बाजूनं अक्षरानं हात दिला, दुसऱ्या बाजूनं आप्पासाहेबांनी.