बुधवारचं ‘मजेत’

आठवड्यातून एकदा हसून ‘मजेत’ म्हणायचं आणि बदल्यात खुर्ची मिळवायची. खुर्ची खरीखुरी होती, पाठ टेकता येणारी, चादरींच्या घडीच्या खोलीत खिडकीशी ठेवलेली. तिच्यावर बसणारी मुकादमीण लेकीकडे कायमची राहायला जाणार होती आणि तिच्या जागी कोण, हे साहेब ठरवणार होते. थोरलीने मनाशी सगळं मांडून पाहिलं होतं. तिथे वाफ नाही, दिवसभर उभं राहणं नाही, पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरांना आराम, आणि वर पाहायला एक खिडकी. एवढ्यासाठी दात दाखवायला काय जातंय?

धुलाईच्या त्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुऊन झालेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सोडायची, म्हणजे पलीकडून ती कडक इस्त्री होऊन निघते. रोलरच्या एका टोकाला थोरली उभी राही, दुसऱ्या टोकाला धाकटी. दोघी सख्ख्या जावा. घरी भांडायला वेळ नाही आणि कारखान्यात यंत्राच्या घरघरीत शब्द पोचत नाही, त्यामुळे दोघींचं उत्तम जमायचं. बोलणं सगळं भुवयांनी.

रोलरच्या तोंडासमोर एक आडवी दांडी असते. चादरीबरोबर हात आत जाऊ लागला तर तो दांडीला लागतो आणि यंत्र जागीच थांबतं. ही दांडी अलीकडे लहरी झाली होती. हात नसतानाही यंत्र थांबवायची. माल अडू लागला तसं साहेबांनी फिटरला सांगितलं, “सध्या बांधून ठेव, मग बघू.” फिटरने फाटक्या उशीच्या अभ्र्याची पट्टी काढली आणि दांडी करकचून बांधून टाकली. त्या ‘मग’ला काही मुहूर्त सापडेना.

चादरी चिकटू नयेत म्हणून बुधवारी दुपारी रोलरला मेण देत. यंत्र अगदी मंद करायचं आणि मेण लावलेलं कापड आतून फिरवायचं. आठवड्यात तेवढाच वेळ कारखान्यात माणसाचा आवाज ऐकू यायचा, आणि तो साहेबांचा असायचा. हात पाठीमागे बांधून ते दारातूनच सुरू करत, “काय मंडळी, कसं काय? अर्धा आठवडा संपवलात की!” पाठोपाठ सगळ्यांचं “मजेत साहेब, मजेत!” मोजणीच्या टेबलावरची मावशी तर दाढ काढून आल्या दिवशी सुजलेल्या गालाने ‘मदेत’ म्हणाली होती. साहेबांचं नाव पाठीमागे ‘कसंकाय’ पडलं होतं. प्रश्न विचारायचे, पण उत्तर यायच्या आत पाऊल पुढे.

एका बुधवारी ते रोलरशी आले तेव्हा धाकटीने तोंड उघडलं. “साहेब, ती दांडी...”

मेणाचं कापड धरून शेजारीच उभ्या असलेल्या थोरलीने खालून तिच्या पायावर पाय दिला. “दांडीची जरा कुरकुर असते, साहेब, आमच्यासारखीच! बाकी मजेत.”

साहेब खळखळून हसले. “असं माणूस पाहिजे,” ते घडीच्या खोलीकडे बघत म्हणाले आणि पुढे गेले.

“पाय कशाला दिलात?” धाकटी फणकारली.

“खुर्ची मिळू दे. मग पहिल्या दिवशी दांडीच सांगते.”

“तुमची खुर्ची, ताई, आणि हात माझे.”

थोरलीला राग आला. खरं बोललेलं कुणालाही झोंबतं.

पुढच्या सोमवारी एका चादरीची शिवण उसवलेली होती. धाकटीचा अंगठा त्या भोकात अडकला आणि चादरीसकट आत ओढला गेला. थोरलीने दांडीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. बांधलेली दांडी जागची हलली नाही. भिंतीवरचं बटण दाबून यंत्र थांबेपर्यंत अंगठा पार भाजून चेपला होता.

दवाखान्यातून पट्टी बांधून धाकटी साहेबांच्या खोलीत आली, थोरली तिच्या मागे. साहेबांचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होता.

“वाईट झालं. पण लक्ष देऊन काम करायला हवं होतं. मालकांचं म्हणणं, असल्या निष्काळजी माणसाला ठेवू नये.”

“दांडी बांधलेली होती!” धाकटीचा आवाज चिरकला.

“तसं कुणी कधी बोललं नाही.” साहेबांनी हात पसरले. “मी दर बुधवारी स्वतः येऊन विचारतो. कसं काय, काही अडचण? तुम्हीच सांगा, थोरल्या बाई, काय उत्तर यायचं?”

थोरलीने तोंड उघडलं.

“मजेत,” साहेबांनीच तिच्या वतीने उत्तर दिलं. “मालक परवा येतील, त्यांच्यासमोर एवढंच सांगायचं. आणि हो, खुर्चीचं माझ्या लक्षात आहे.”

घरी दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, जेवता जेवता म्हणाला, “वहिनी, सांगून टाका ना खरं.” थोरली त्याच्यावर वसकन ओरडली, मुलांवर ओरडली, भांड्यांवर ओरडली. धाकटी डाव्या हाताने जेवत होती. त्या डाव्या हाताने थोरलीच्या डोक्यात जाळ झाला. राग साहेबांचा होताच. पण खाली तळाशी आपलाच पाय होता, दुसऱ्याच्या पायावर दिलेला. तो काही केल्या उचलला जाईना.

परवाचा दिवस बुधवार होता. मेण चालू होतं. साहेब आले, बरोबर मालक. मालकांसमोर साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा गोड निघाला. “काय मंडळी, कसं काय?”

“सांगते,” थोरली म्हणाली.

साहेबांचं पाऊल सवयीने पुढे पडलं होतं. ते अर्ध्यावर राहिलं.

“थांबा की, साहेब. विचारलंत ना? विचारणाऱ्याने ऐकून तरी जावं. माझ्या पोटऱ्या संध्याकाळी दगड होतात. वाफेने रात्री खोकला येतो. वरचा पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे. आणि ही दांडी!” तिने अभ्र्याच्या पट्टीला हिसका दिला. “ही तुम्ही बांधायला लावलीत. फिटर, बोल रे!”

फिटरने हातातल्या पान्याकडे असं पाहिलं की जणू पान्यालाच विचारलंय. मग पुटपुटला, “साहेब म्हणाले, सध्या बांध.”

“माझी जाऊ तुम्हाला हेच सांगत होती. मी तिच्या पायावर पाय दिला, कारण मला खुर्ची हवी होती. झालं समाधान? आता पुढच्या वेळी कसं काय विचाराल तर बसायची तयारी करून या. मी एकटी नाही.”

मालकांना ‘मजेत’ची सवय नव्हती, कारण ते कुणाला काही विचारतच नसत; ते ऐकत उभे राहिले. मग एकीला बोलायला हुरूप आला. तिच्यामागून दुसरी सांगू लागली. कुणाचा दुखऱ्या कमरेचा पट्टा, कुणाची गळणारी नळी, कुणाचं मूल तापाने फणफणलेलं असताना नाकारलेली रजा. साहेब “हो, हो, बघू” म्हणत मागे सरत होते आणि प्रत्येक पावलाला नवीन कसंकाय अंगावर येत होतं. मोजणीची मावशी मात्र टेबलाला घट्ट धरून म्हणाली, “माझं मजेत.”

थोरलीने पट्टी सोडवून साहेबांच्या हातात दिली. “बांधायची तर आता तुम्हीच बांधा.”

त्यांनी बांधली नाही. दांडी मोकळी होताच यंत्र घडीघडीला थांबू लागलं, बाहेर हॉटेलचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला, आणि फिटरला अखेर ‘मग’ सापडला. संध्याकाळपर्यंत दांडी दुरुस्त झाली. धाकटीची नोकरीही राहिली. मालकांनी तोंडाने काही कबूल केलं नाही, फक्त निष्काळजीपणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता देण्याघेण्याचं बघू. खिडकीजवळची खुर्ची मावशीला मिळाली. ती तिथे बसते आणि बाहेर बघायला विसरते. साहेबांनी बुधवारचं येणं बंद केलं. त्यांचे गेले ते दोन शब्द, तेही फुकटचे होते. मालकांना एक दांडी दुरुस्त करावी लागली. थोरली पोटऱ्या दगड करत रोलरशी उभीच आहे. चादरीचं टोक हातात देताना धाकटी कधीतरी भुवई उंचावून विचारते, कसं काय? थोरली भुवईनेच सांगते, वाईट. धाकटी हसते आणि टोक धरते, चार बोटांनी. अंगठा वळत नाही.