लुपेताईंचं कोनफळ

"मोडलं तर आपल्याच पातेल्यात जाईल हं! मोडकं काही वन्संना देता येत नाही," खड्ड्याच्या काठावरून कालोलाइने म्हणाली.

तिचा नवरा सेमिसी पालथा पडून हातानेच माती उकरत होता. लोखंडाची पहार त्याने लांब टाकली होती. कोनफळ खोल गेलं होतं, माणसाच्या पायाएवढं लांब. बहिणीसाठी असं एक तो दर वर्षी राखायचा. फोआ बेटावर बहिणीचा मान भावाच्या वर. शेतातलं पहिलं नि सगळ्यात चांगलं तिचं, मग पाद्र्यांचं, वाकडंतिकडं बाजाराचं, मोडकं घरचं आणि सालं डुकरांची. वेल निघाले की त्याच मातीत अळकुड्या, मग कसावा. ऑकलंडहून ही बहीण, लुपेताई, छपराचे पत्रे आणि मुलांची फी पाठवायची. बायको चटया विणून तिकडे धाडायची. कोण कुणाला पोसतं, हे कुणी विचारत नव्हतं.

दर वर्षी ताईचं कोनफळ पाद्र्यांच्या देवळात द्यावं लागे. कंदमुळं ऑकलंडला नेऊ देत नसत, आणि ती तर येतच नसे. यंदा मात्र शनिवारच्या बोटीने येणार होती.

कोनफळ अखंड निघालं. सेमिसी लहान मुलासारखा हसला.

शनिवारी धक्क्यावर भाची सिला एकटीच उतरली.

"मामा, आईची किडनी... यंत्रावर असते ती. डॉक्टरांनी सोडलं नाही."

घरी सिलाने ताईला फोन लावला. पडद्यावर बहिणीचा चेहरा येताच सेमिसी उठला आणि दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसला. इथे वयात आलेले बहीणभाऊ एका छपराखाली बसत नाहीत, डोळ्याला डोळा भिडवत नाहीत.

"मामा, अहो, फोन आहे तो!"

"फोन असला म्हणून काय झालं? ताईच आहे ना ती!"

कालोलाइनेने कोनफळ पडद्यासमोर धरलं.

"आमच्या बाबांच्याच बियाण्याचं ना गं?" ताईचा आवाज चिरकला.

"हो, वन्सं. दर वर्षी माथा कापून तोच लावतात हे."

"माझा वाटा सिलाला दे. आणि त्याला सांग, पुढच्या वर्षी मी येते. खड्डा खोल घे म्हणावं."

सगळं ऐकू येत असूनही बायको बाहेर येऊन ते शब्दन् शब्द सांगेपर्यंत सेमिसी थांबला. मग मान हलवली. ताईशी बोलायला त्याच्याकडे आयुष्यभर तेवढं एक कोनफळच होतं.

कोनफळ शिजलं, सिला जेवली. कापून ठेवलेला माथा घेऊन सेमिसी शेतात गेला.

ताई येणार नव्हती. यंत्र म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. तरी त्याने पहार उचलली, आणि छातीएवढा खड्डा झाल्यावर वर येऊन पुन्हा आत डोकावला. थोडा उथळ वाटला. तो परत आत उतरला.