कातळाकडचा आवाज

मी पत्र्याचा एक कर्णा. दुसऱ्यांचं बोलणं मोठं करण्यात माझा जन्म गेला, स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतो आहे. त्यातही सांगायचं आहे ते माझ्याबद्दल कमी, आणि ज्याने मला वर्षानुवर्षं तोंडाला लावलं त्या माणसाबद्दल जास्त.

तो शिंपी होता. तलावाकाठच्या आमच्या लहान गावात, बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान. एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर टांगलेले, बाही नसलेले कोट. आवाज इतका बारीक की मापं सांगताना गिऱ्हाईक पुढे वाकून ऐकायचं. गावाने त्याला नाव ठेवलं होतं कुजबुजे मास्तर. बायको म्हणायची, “यांनी हाक मारली की आधी मला संशय येतो, मग ऐकू येतं.” तो हसायचा. तेही आवाज न करता.

तलाव मोठा होता. इस्पितळ, कचेऱ्या, गिरणी, सगळं पलीकडच्या काठावर. थंडीत सकाळी असं धुकं उतरायचं की होडीत बसलेल्याला स्वतःची वल्ही दिसायची नाहीत. होड्या तासन् तास जागच्या जागी फिरत राहायच्या. म्हणून गावातल्या काही जणांनी मंडळ काढलं. धुकं पडलं की धक्क्यावर उभं राहायचं आणि हाका मारायच्या. होड्या आवाजाच्या रोखाने येत. मास्तरनेही नाव दिलं तेव्हा अख्खा बाजार हसला.

त्याचे सासरे पत्र्याचं काम करायचे. ते हसले नाहीत. तीन दिवस ठोकाठोकी करून त्यांनी मला घडवलं आणि जावयाच्या हातात दिलं. “आवाज माझा, दम तुमचा,” म्हणाले. माझा सांधा एका जागी नीट जुळलेला नाही. त्यामुळे माझ्यातून निघालेल्या आवाजाला किंचित घोगरी किनार असते. ती दुसऱ्या कशालाच नाही.

“इकडे! धक्का इकडे!” मास्तर दर पाच-दहा श्वासांनी ओरडायचा. मधेच त्याला गप्पा सुचायच्या. “गिरणीवाले, तुमची पँट तयार आहे, बुडू नका, दुसऱ्या कुणाला ती बसायची नाही!” धुक्यातून हशा यायचा आणि हशाबरोबर होडी. आठ थंड्या अशा गेल्या. तेवढ्या काळात त्याला मुलगी झाली, चालायला लागली, शाळेत गेली. ती बुटकी म्हणून घरात ठेंगू.

मग ती सकाळ आली.

पोस्टमन एकटाच आपल्या छोट्या होडीतून परतत होता. मास्तर हाक मारी, तो उत्तर देई, “आलो, मास्तर!” प्रत्येक उत्तर थोडं जवळून. मास्तरने मला तोंडापासून काढलं आणि बाहीने ओठ पुसले. माझं तोंड जमिनीकडे होतं. त्याचे ओठ मिटलेले होते.

आणि डाव्या हाताला, जिथे पाण्यात कातळ आहेत, तिथून आवाज आला, “इकडे! धक्का इकडे!”

आवाज मास्तरचा. घोगरी किनार माझी.

“आलो!” पोस्टमन आनंदाने ओरडला. पण आता डावीकडून. मास्तर जिवाच्या आकांताने ओरडू लागला, “तिकडे नको! इकडे!” कातळाकडूनही तेच शब्द आले, तितक्याच आकांताने. मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला. दुपारी टपालाची पिशवी सापडली. पोस्टमन दोन दिवसांनी.

सगळे म्हणाले, कातळावरून आवाज परततो, दुसरं काय. मास्तरने मान डोलावली. पण परतणारा आवाज आधी बोलत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मला. तो हे घरी बोलला नाही. दुकानात एकटा असला की मधेच मशीन थांबवून डावीकडे मान वळवायचा. त्याच्या डावीकडे नुसती भिंत होती.

दोन महिन्यांनी त्याने दुकानात दुसरं मशीन आणलं आणि पोस्टमनच्या बायकोला शिवणकाम शिकवायला घेतलं. ती हुशार निघाली. काजं तर त्याच्यापेक्षा सुबक करायची. चार वर्षं ती दोघं समोरासमोर बसून शिवत राहिली. एक दिवस तो खाली बघून म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी मी एकटाच हाका मारत नव्हतो.”

तिने मशीन थांबवलं नाही. “माहीत आहे. मी खिडकीत होते. दोन मास्तर ऐकू आले. मला वाटलं, आज मंडळाने दोघांना उभं केलंय, बरं झालं.” मग म्हणाली, “निळा दोरा संपत आलाय.”

तो उठून दोरा आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मंडळातले एकेक जण गळाले. कुणाचे गुडघे, कुणाचा कंटाळा. मास्तर मात्र जात राहिला. आता तो गप्पा मारत नसे. एक हाक मारायचा आणि श्वास धरून ऐकायचा. कधी कातळ गप्प असे. कधी वर्षभराने एखादीच हाक येई, हळू, सराव केल्यासारखी. मग मास्तर धुकं फाटेपर्यंत हाक मारत नसे. होड्यांना आहात तिथेच थांबा, एवढंच सांगे.

ठेंगू मोठी होऊन पलीकडच्या इस्पितळात नर्स झाली. रात्रपाळी करून सकाळच्या होडीने यायची. एका सकाळी तिची होडी मध्यावर असताना धुकं उतरलं. मास्तर धावत धक्क्यावर आला. त्याने मला उचलायच्या आतच कातळाकडून हाक सुरू झाली. या वेळी थांबत नव्हती. एकामागून एक.

“बाबा?” ठेंगूचा आवाज आला. “बाबा, होडीवाले काका त्या हाकेकडे वळताहेत. तिथेच आहात ना?”

त्याने मला तोंडापर्यंत नेलं. माझ्या आतल्या पत्र्यावर त्याचा श्वास आदळला. मग तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला जे कळलं ते मलाही त्याच क्षणी कळलं. त्या आवाजाला फक्त माझ्यातून गेलेल्या मास्तरची नक्कल येत होती.

त्याने मला दगडावर ठेवलं. पायऱ्या उतरून तो त्या गार पाण्यात छातीपर्यंत शिरला आणि आपल्या बारीक आवाजात, घरात बोलतो तसं बोलू लागला, “ठेंगू, डबा घरीच विसरलीस. आई चिडली आहे. भाजी मी संपवली, तिला सांगू नकोस.” कातळाकडची हाक वाढत गेली, पार चिरकेपर्यंत. तो मात्र भाजीचंच सांगत राहिला.

होडीचं नाक धुक्यातून बाहेर आलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. ठेंगूने त्याला वर ओढलं. रडत म्हणाली, “होडीवाल्या काकांना सांगितलं, तो मोठा आवाज माझ्या बाबांचा नाही. माझे बाबा कधी मोठ्याने बोललेत का?”

पुढच्या आठवड्यात धक्क्यावर घंटा बसली. मला मंडळाच्या खोलीत खुंटीवर टांगलं. माझी खिडकी धक्क्याकडे उघडते. अजून नऊ थंड्या मास्तरने ती घंटा वाजवली. मग खोकला छातीत उतरला आणि एका दुपारी, ठेंगू नाडी धरून बसलेली असताना, तो गेला. त्याला पोचवायला सगळं गाव आलं. कुणीही आवाज चढवला नाही.

पुढच्या थंडीत पहिलं धुकं पडलं आणि कातळाकडून हाक आली. आता तिच्यात धक्क्याचं नाव नव्हतं. “कोणी राहिलंय का?” मग खोकला. मग वाट बघितल्यासारखी शांतता, आणि पुन्हा, “कोणी राहिलंय का?” तो जुनाच लबाड आवाज होता की मास्तर स्वतः, हे मला, त्याच्या कर्ण्यालाही, ओळखता येईना. होडीवाले धुक्यात पाण्यावर जाईनासे झाले.

पाचव्या सकाळी मास्तरची बायको आली. ती कधी धक्क्यावर फिरकली नव्हती. तिने मला खुंटीवरून काढलं, पदराने आतली धूळ पुसली आणि घंटेजवळ जाऊन मला कातळाकडे धरलं.

“अहो,” ती म्हणाली, “सगळे आले. ठेंगू आली. दुकान वहिनी बघताहेत. पोस्टमन गेले त्यात तुमचा दोष नव्हता, वहिनींनी सांगितलंय मला सगळं. कोणी राहिलेलं नाही. आता घरी चला.”

धुकं हललं नाही. कातळावरून तिचे शब्दसुद्धा परतले नाहीत. तिने थोडी वाट पाहिली आणि मला खुंटीवर अडकवलं.

त्यानंतर कातळ बोललेला नाही. माझ्या कडा गंजल्या आहेत. मला भंगारात द्या, माझी चाळण करा, माझी तक्रार नाही. फक्त धुक्यात माझ्यातून कुणाला हाक मारू नका. कारण त्या सकाळी ती घराकडे निघाली ते मी खिडकीतून पाहिलं. धक्क्यावरची वाट अरुंद आहे, एका वेळी जेमतेम दोघं जातात. ती भिंतीला खेटून, सावकाश, मधे मधे थांबत चालली होती, आणि पाण्याकडची बाजू तिने मोकळी सोडली होती.